बेटावर परत राहायला जाण्याआधी: किरणोत्सारी माती, माड आणि जेवणाचं ताट

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमधल्या बिकिनी बेटावरची माणसं दोनदा उठवली गेली. पहिल्यांदा मार्च १९४६ मध्ये. अमेरिकी नौदलाने अणुचाचण्यांसाठी तिथल्या १६७ जणांना रोंगेरिक नावाच्या दुसऱ्या कंकणद्वीपावर (मधल्या पाण्याभोवती कंकणासारखी मांडलेली लहान बेटं) नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा १९७८ मध्ये, आणि ही दुसरी वेळ जास्त बोचते, कारण तोवर बेट ‘साफ’ झालेलं होतं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६८ मध्ये बिकिनी राहण्यास योग्य असल्याचं जाहीर केलं होतं. मग भंगार उचललं गेलं, रान कापलं गेलं, माडाची रोपं लावली गेली, घरं बांधली गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबं परतली. पुढे माड धरले, लोक नारळ खाऊ लागले, आणि तपासणीत त्यांच्या अंगातल्या सीझियम या किरणोत्सारी द्रव्याचे आकडे वर्षागणिक चढताना दिसले. शेवटी १३९ जणांना पुन्हा बोटीत बसवावं लागलं. बेटावरचं किती आणि काय खाल्लं जाईल, याचा अंदाजच मुळात फार कमी धरलेला होता.

असं बेट पुन्हा राहतं करायचं तर काम कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितोय. उदाहरणं सगळी मार्शल बेटांची आहेत. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने या भागात ६७ अणुचाचण्या केल्या. त्यातल्या २३ बिकिनीवर आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या एनेवेटक या दुसऱ्या कंकणद्वीपाच्या परिसरात झाल्या. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ स्फोट १५ मेगाटनांचा निघाला, अपेक्षेच्या दुपटीहून मोठा. त्याची पांढरी राख रोंगेलाप या आणखी एका कंकणद्वीपावरच्या वस्तीवर पडली. पोरं तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले.

१. आधी ओळख पटवा: मातीत नेमकं काय उरलंय

‘रेडिएशन आहे’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही. स्फोटानंतरच्या पहिल्या आठवड्यांत घात करतं ते आयोडीन-१३१. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचा, म्हणजे काही महिन्यांत ते संपतं. रोंगेलापच्या लोकांना पुढे थायरॉइडचे आजार झाले त्यामागे अल्पायुषी किरणोत्सारी आयोडीनच होतं. पण वर्षांनंतर साफसफाईला गेलेल्याला ते सापडणार नाही. त्याच्यापुढे मुख्यतः चार नावं असतात.

सीझियम-१३७, अर्धायुकाल सुमारे ३० वर्षं. हे गॅमा किरण सोडतं, त्यामुळे शोधायला सोपं. बेटावर सगळा त्रास याचाच. स्ट्रॉन्शियम-९० सुमारे २९ वर्षांचं. ते कॅल्शियमच्या वाटेने हाडात जातं म्हणून त्याची भीती मोठी, पण प्रवाळाची माती म्हणजे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. झाडाला मुबलक कॅल्शियम मिळतं, त्यामुळे स्ट्रॉन्शियम फळात फार कमी उतरतं. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल २४,१०० वर्षं, म्हणजे तो निघून जाण्याची वाट पाहणं हा पर्यायच नाही. मात्र ते अन्नातून आतड्यात फारसं शोषलं जात नाही. धोका आहे तो धुळीबरोबर श्वासात जाण्याचा. आणि चौथं अमेरिशियम-२४१. त्याचं महत्त्व मोजणीत कळेल.

या चौघांना एकच उपाय लागू पडत नाही. प्लुटोनियमसाठी माती उचलावी लागते. सीझियमसाठी माती न उचलताही बरंच साधतं.

२. यंत्रं उतरवण्याआधी माणसांशी बोला

ही पायरी बहुतेक ठिकाणी उरकली जाते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

बेटाचा मोठा नकाशा घ्या आणि परतणाऱ्यांना बोटाने दाखवू द्या: घर कुठे होतं, थडगी कुठे, खोबरं कुठे वाळायचं, कोणत्या छोट्या बेटावर पक्ष्यांची अंडी नि खेकडे गोळा करायला जायचे. कंकणद्वीप म्हणजे काही एक बेट नव्हे. लगूनभोवती, म्हणजे कंकणाच्या आतल्या पाण्याभोवती, डझनावारी लहान बेटांची माळ असते, आणि प्रत्येक तुकडा कुणाचा ते ठरलेलं असतं. एनेवेटकवर दोन समाज होते, दक्षिणेकडचे आणि उत्तरेला एंजेबी बेटाकडचे. स्फोट बहुतेक उत्तरेकडे झाले. सफाईनंतर १९८० मध्ये सगळे परतले ते दक्षिणेच्या बेटांवर. एंजेबीची माणसं परतली खरी, पण दुसऱ्यांच्या जमिनीवर. नकाशावर हे दिसत नाही. ते लोकांकडूनच ऐकावं लागतं.

मग जेवण. तिथलं खाणं कोकणातल्या माणसाला अगदी परकं वाटणार नाही. शहाळं, खोबरं, माडाचा रस, नीरफणस, केवड्याच्या जातीतलं एक मोठं फळ, आरारूटसारखा कंद, मासे, आणि माडावर चढणारा अजस्र नारळखेकडा. या खेकड्यात सीझियम साचतं. लगूनमधल्या माशांत मात्र जमिनीवरच्या पिकांच्या मानाने फारच कमी सापडतं.

लोक सांगतात की आता आम्ही तांदूळ आणि डबाबंद मासेच खातो. ते खरंही असतं, पण जहाज वेळेवर आलं तर. जहाज दोन महिने लांबलं की ताटात बेटावरचंच येतं. म्हणून हिशेब दोन मांडा: जहाज आलेल्या महिन्याचा आणि न आलेल्या महिन्याचा. रोंगेलापच्या लोकांनी १९९२ च्या करारात नेमकं हेच वदवून घेतलं. कुणी फक्त बेटावरचंच अन्न खाल्लं तरी नैसर्गिक पातळीच्या वर मिळणारी किरणोत्साराची मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या (शरीराला बसणाऱ्या मात्रेचं माप) आत राहिली पाहिजे, ही त्यांची अट होती.

३. ताटाचं गणित

हे गणित कागद-पेन्सिलीने होतं आणि प्रत्येक गावकऱ्याला यावं असं आहे.

प्रौढ माणसाने १ बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटतो एवढा किरणोत्सार) सीझियम-१३७ गिळलं तर त्याला सुमारे ०.०००,०१३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. म्हणजे वर्षभरात १ मिलिसिव्हर्ट व्हायला साधारण ७७,००० बेकरेल पोटात जावे लागतील. दिवसाला सुमारे २१०. आता समजा एखाद्या बागेतल्या खोबऱ्यात किलोमागे ५०० बेकरेल निघाले (आकडा फक्त उदाहरणापुरता). मग रोज ४२० ग्रॅम खोबरं खाल्लं की मर्यादा गाठली. शहाळ्याचं पाणी, नीरफणस, खेकडा हे सगळं त्यात मिळवायचं.

दुसरा उपयोगी आकडा: प्रौढाच्या अंगातलं सीझियम साधारण ११० दिवसांत निम्मं होतं. रोज २१० बेकरेल आत जात राहिले तर एक-दीड वर्षात शरीरातला साठा सुमारे ३३,००० बेकरेलवर स्थिरावतो. शेवटच्या पायरीत हाच आकडा यंत्रावर दिसेल. लहान मुलांच्या अंगातून सीझियम मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर पडतं. पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, त्यामुळे उत्तर तयार ठेवा.

४. मोजणी: आकाशातून, जमिनीवरून आणि जमिनीखाली

प्रथम हेलिकॉप्टरला शोधक बांधून ढोबळ नकाशा करतात. १९७८ मध्ये उत्तर मार्शलमधल्या ११ कंकणद्वीपांचं आणि २ सुट्या बेटांचं असं सर्वेक्षण झालं. त्यातून कोणतं बेट आधी घ्यायचं ते ठरतं, पण घर कुठे बांधायचं ते त्यावरून ठरवू नका. त्यासाठी जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक कोपऱ्यावर, साधारण कमरेच्या उंचीवर, गॅमा मोजणी करावी लागते. वस्तीच्या जागी चौकटी दाट आखा, रानात विरळ चालतील.

मातीचे नमुने थराथराने घ्या: ० ते ५ सेंटीमीटर, ५ ते १०, १० ते १५, १५ ते २५, २५ ते ४०. एकत्र खरवडून पिशवीत भरलेली माती निरुपयोगी. किती खोल खणायचं, हे थरांशिवाय कळत नाही. जवळच्या झाडाचं फळही त्याच दिवशी घ्या, म्हणजे मातीतलं किती फळात चढतं ते प्रमाण मिळेल. दुसऱ्या देशातल्या पुस्तकातलं प्रमाण इथे चालत नाही. का, ते सहाव्या पायरीत येईल.

प्लुटोनियम मात्र अडून बसतं. त्याचे अल्फा किरण हवेत जेमतेम काही सेंटीमीटर जातात, साध्या गायगर यंत्राला ते मातीत दिसत नाही. इथे अमेरिशियम उपयोगी पडतं. ते प्लुटोनियमच्याच एका समस्थानिकापासून (वेगळ्या वजनाच्या अणूपासून) तयार होतं आणि सुमारे ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. एनेवेटकवर साखळीपट्ट्यांच्या गाड्यांवर उंच दांड्याला जर्मेनियमचे शोधक टांगून अमेरिशियम मोजलं. काही नमुने प्रयोगशाळेत तपासून प्लुटोनियमशी त्याचं गुणोत्तर काढलं आणि बाकी सगळं गुणाकाराने. मात्र प्रत्येक स्फोटाचं गुणोत्तर वेगळं, म्हणून ते बेटागणिक नव्याने काढावं लागतं.

५. किती म्हणजे पुरे

हा आकडा शास्त्रज्ञ सुचवतात, पण ठरवायला लोक हवेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९९८ च्या अहवालात बिकिनीबद्दल म्हटलंय की सगळं अन्न बेटावरचंच खाल्लं तर वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट मिळतील, म्हणून आहे त्या स्थितीत कायमची वस्ती नको. जगात सरासरी नैसर्गिक मात्रा वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट असते. रोंगेलापची मर्यादा १ होती. मार्शल बेटांच्या अणुदावे लवादाने तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ०.१५ हे मोजमाप धरलं. अमेरिकेत आपल्या नागरिकांसाठी जे लागू, ते आम्हाला का नाही, हा त्यामागचा सरळ प्रश्न होता. मला तो बिनतोड वाटतो. पण ०.१५ गाठायला लागणारा पैसा लवादाकडे कधीच नव्हता. निवाडे झाले, पूर्ण भरपाई मिळाली नाही.

एनेवेटकवर प्लुटोनियम गटासाठी जमिनीच्या वापराप्रमाणे तीन पायऱ्या केल्या होत्या. एका ग्रॅम मातीत वस्तीच्या बेटावर ४० पिकोक्युरी (सुमारे १.५ बेकरेल), शेतीच्या बेटावर ८०, नुसतं फळं-खेकडे गोळा करायला जाण्याच्या बेटावर १६०. रोंगेलापला कारवाईची पातळी, म्हणजे जिच्या वर गेलं की उपाय करायचा ती, १७ वर आणली. वापराप्रमाणे मर्यादा ठेवण्यात व्यवहार आहे, पण मुलं पाटी वाचून खेळायला जात नाहीत, हेही धरून चाला.

६. घराभोवती फावडं, बागेत पालाश

सगळ्या बेटाची वरची माती खरवडून टाकावी, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. हिशेब करा. एका हेक्टरवरची ४० सेंटीमीटर माती म्हणजे ४,००० घनमीटर. त्यासाठी आधी प्रत्येक झाड तोडायचं. ती माती टाकायची कुठे हा प्रश्न वेगळाच. आणि प्रवाळाच्या बेटावर जो काही काळपट, पाणी धरणारा, कुजलेल्या पाल्याचा थर असतो, तो याच वरच्या वीतभरात असतो. तो काढला की खाली पांढरी वाळू उरते. बेट स्वच्छ होईल, पण त्यावर काही पिकणार नाही.

म्हणून काम दोन भागांत करतात.

घरं, शाळा, चर्च, अंगण इथली वरची सुमारे २५ सेंटीमीटर माती काढून तिथे प्रवाळाची स्वच्छ खडी पसरतात. रोंगेलापला असंच केलं. मार्शलमध्ये घराभोवती प्रवाळाचे पांढरे खडे पसरण्याची चाल मुळातच जुनी आहे. त्या थराने खालून येणारे किरण अडतात आणि धूळही बसते. पिण्याचं पाणी छपरावरून पागोळीने टाकीत घेतात, तेव्हा छप्पर नि पन्हळी नव्या घालाव्यात. विहिरीवर विसंबू नये, कारण मातीतलं सीझियम पावसाबरोबर खाली झिरपत असतं.

बागेतलं काम फावड्याने होत नाही. माडाला पालाश लागतं, म्हणजे पोटॅशियम. सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचं भावंड, मुळांना दोघांतला फरक नीटसा कळत नाही. मुख्य भूमीवर चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात, ते मुळांपर्यंत पोचतच नाही. प्रवाळाच्या मातीत चिकणमाती नाही आणि पालाश तर नावालाच. भुकेलं झाड मिळेल ते ओढतं. बिकिनीचा पहिला अंदाज फसला त्यामागे ही मातीही होती.

मग उपाय सरळ आहे: झाडाचं पोट पालाशने भरा. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बिकिनीवर वर्षानुवर्षं हे प्रयोग केले. त्यासाठी वापरलं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्याकडे खताच्या दुकानात ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ म्हणून मिळतं तेच, माडाच्या आळ्यात पावसाळ्याच्या तोंडाला टाकतो ते. नारळातलं सीझियम मूळच्या ५ ते १० टक्क्यांवर आलं आणि खत टाकणं थांबवल्यावरही बरीच वर्षं खालीच राहिलं. समुद्राचं पाणी सोडून माती धुण्याचाही प्रयोग झाला होता, त्यातून फारसं हाती लागलं नाही.

करताना लक्षात ठेवायचं ते असं. खत खोडाशी ढीग करून ओतू नये, झावळ्यांच्या घेराखाली सगळीकडे विखरावं. पाऊस पडत असताना टाकावं. फरक लगेच दिसत नाही, आज झाडावर असलेली फळं जुन्याच हिशेबाची असतात. म्हणून लोक परतण्याच्या किमान दोन-तीन वर्षं आधी हे काम सुरू व्हायला हवं. नीरफणस आणि केवड्याच्या फळांचे नमुने वेगळे घ्या, नारळ उतरला म्हणजे तेही उतरले असं समजू नका. आणि लोकांना स्पष्ट सांगा की सीझियम मातीतून गेलेलं नाही, फक्त झाडात चढत नाहीये. ते आपोआप कमी होतं त्यात पावसाचीही मदत आहे. झिरपणं धरलं तर या बेटांवर सीझियम सुमारे साडेआठ वर्षांत निम्मं होतं, ३० वर्षांत नव्हे. तोवर खताची पोती येत राहायला हवीत.

७. काढलेल्या मातीचं काय

याचं उत्तर कुठेच चांगलं नाही. एनेवेटकच्या रुनिट बेटावर १९५८ च्या ‘कॅक्टस’ स्फोटाने पाडलेला खड्डा होता. १९७७ ते १९८० च्या मोहिमेत वेगवेगळ्या बेटांवरची सुमारे ७३,००० घनमीटर माती आणि भंगार, बरंचसं सिमेंटमध्ये कालवून, त्यात भरलं आणि वर सुमारे ४६ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट घातला. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. तळ सच्छिद्र प्रवाळाचा, भरतीबरोबर पाणी आत-बाहेर करतं. घुमटाला तडे गेले की बातम्या येतात. पण लगूनच्या तळाशी गाळात घुमटातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्लुटोनियम आधीपासून पडलेलं आहे, हे त्या बातम्यांत सहसा नसतं. रुनिटवर वस्तीला आजही मनाई आहे.

नव्याने करायचं तर आधी तळाला अस्तर, पाणीपातळीच्या वर साठा, आणि पन्नास वर्षांनी त्याची डागडुजी कोण करणार ते नाव करारात. हे लिहून घेतल्याशिवाय पहिलं फावडं मारू नये.

८. काम करणाऱ्यांची वही

एनेवेटकच्या सफाईत सुमारे ४,००० अमेरिकी सैनिक राबले. पुढे आजारी पडलेल्यांना आपण किरणोत्सारात काम केलं हे सिद्ध करता येईना. अमेरिकेच्या कायद्याने त्यांना ती मान्यता दिली २०२२ मध्ये. म्हणून माती ओली करूनच खणणं, धुळीत योग्य मास्क, रोजची अंघोळ नि कपडे तिथेच ठेवणं, हे तर कराच. पण प्रत्येकाच्या नावाची मात्रानोंद ठेवा आणि तिची प्रत त्याच्या हातात द्या. बेटावरचेच तरुण मजूर म्हणून घेतले असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण त्यांना पुढे तिथेच राहायचंय.

९. परतल्यानंतर

रोंगेलापचे लोक १९५७ मध्ये परतले होते, सुरक्षित आहे असं सांगितल्यावरून. आजार वाढत गेले, शंका वाढल्या, आणि १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच बेट सोडलं. ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ बोटीने त्यांना क्वाजालीन या कंकणद्वीपातल्या मेजाटो बेटावर नेलं. सरकारी डॉक्टर दर वर्षी येऊन रक्त घेत आणि निकाल सांगत नसत, ही तिथली जुनी तक्रार आहे.

त्यामुळे मोजणीचं यंत्र बेटावर असावं आणि ते चालवणारी माणसं बेटावरचीच असावीत. एनेवेटक आणि रोंगेलापला पुढे तसं झालं. खुर्चीत बसायचं, शोधक अंगाजवळ, काही मिनिटांत शरीरातल्या सीझियमचा आकडा समोर येतो. प्लुटोनियमसाठी लघवीचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात.

एखाद्याचा आकडा वर गेला तर घाबरवू नका, झाकूही नका. गेल्या चार महिन्यांत काय खाल्लं ते विचारा: कोणत्या बेटावरचे खेकडे, कोणत्या बागेतले नारळ, जहाज कधी आलं होतं. त्या बागेतलं फळ आणा, मोजा, लागलं तर तिथे पालाश टाका. मग चार महिन्यांनी त्याला परत खुर्चीत बसवा. मधल्या काळात त्या बागेतलं खाल्लं नसेल तर आकडा निम्म्याच्या आसपास यायला हवा. आला नाही, तर सीझियम दुसऱ्याच कुठल्या तरी ताटातून येतंय.